ॲम्प्लिफायर तापताना येणारे बारीक आवाज

पावसाळा सुरू झाला की ओळखीच्या लोकांचे फोन येऊ लागतात आणि तक्रार बहुधा एकाच जातीची असते. ॲम्प्लिफायर चालू केल्यावर पहिली काही मिनिटे बारीक आवाज येतो, तो आपोआप थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. कोल्हापुरात जुनी यंत्रे सांभाळून ठेवणारी घरे अजून आहेत. ज्या शहरात अल्लादिया खाँसाहेब दरबारी गायक होते, तिथे आजोबांनी घेतलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, ॲम्प्लिफायर नातवाने माळ्यावरून उतरवून पुन्हा गाता करावा, यात नवल नाही. अडचण एवढीच की हा आवाज ऐकून लोक घाबरतात आणि घाबरून भाग बदलायला निघतात. व्हॉल्व्हचा नवा संच मागवला जातो, तो येईपर्यंत पावसाळा संपत येतो, आवाजही कमी होतो आणि श्रेय नव्या व्हॉल्व्हना मिळते.

माझे म्हणणे असे आहे की तापतानाचा आवाज हा दोष आहे की नाही, हे पेचकस हातात घेण्यापूर्वी घड्याळ पाहून बऱ्याच अंशी ठरवता येते. आवाज स्पीकरमधून येतो की ॲम्प्लिफायरच्या पेटीतून, बटण दाबल्यापासून किती वेळाने सुरू होतो, तापत जाताना कमी होतो की वाढतो आणि आवाजाच्या (व्हॉल्यूमच्या) कंट्रोलने बदलतो की नाही, एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून काढल्या तर निम्मे निदान तिथेच होते. ॲम्प्लिफायरचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी जागे होतात; त्यामुळे आवाजाची वेळ सांगितली की तो कोणत्या भागाचा असू शकतो, हे आपोआप मर्यादित होते.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये हा क्रम अगदी स्पष्ट दिसतो. बटण दाबताच ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रवाह जातो आणि ६.३ व्होल्टवर चालणारे व्हॉल्व्हमधले हीटर तापू लागतात. थंड हीटरचा रोध कमी असल्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाह नेहमीपेक्षा बराच जास्त असतो आणि काही बनावटीच्या ईसीसी ८३ या व्हॉल्व्हमध्ये त्या वेळी एक पांढरा लखलखाट दिसतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यानंतर साधारण दहा ते वीस सेकंद स्पीकर गप्प असतो, कारण कॅथोड, म्हणजे हीटरने तापणारा आतला भाग, पुरेसा तापल्याशिवाय व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत नाही. जीझेड ३४ सारखा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह असेल तर उच्च दाबही, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारे मोठे व्होल्टेजही, हळूहळू चढतो. त्याजागी कोणी डायोड बसवले असतील तर तो दाब पहिल्याच सेकंदाला पूर्ण येतो आणि व्हॉल्व्ह थंड असल्यामुळे नेहमीच्या मर्यादेच्या वर जाऊन उभा राहतो. पुढचे दोन-तीन आवाज समजून घ्यायला हा क्रम डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे.

सर्वांत जास्त विचारला जाणारा आवाज म्हणजे टिंग टिंग. शुक्रवार पेठेतले एक निवृत्त शिक्षक त्यांचा ईएल ८४ व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर रिक्षात मांडीवर घेऊन आले होते आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "अहो, काचेतनं टिकटिक येतंय, फुटतोय का काय हा?" मी म्हणालो, "सर, स्पीकरच्या वायरी काढल्या तरी येतो का हा आवाज?" वायरी काढून फक्त ऐकण्याचा प्रयोग मात्र तिथे करायचा नव्हता, कारण व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून स्पीकर शेजारच्या खोलीत ठेवून दार लावले. टिकटिक पेटीतच होती. आतली धातूची पत्रे, त्यांना धरून ठेवणाऱ्या अभ्रकाच्या चकत्या आणि बाहेरची काच यांचे प्रसरण वेगवेगळ्या वेगाने होते, त्यामुळे सकाळच्या उन्हात पत्र्याचे छप्पर तडतडते तसा तो आवाज येतो. बंद केल्यावर निवताना तोच आवाज पुन्हा येतो. अशा व्हॉल्व्हला काहीही करण्याची गरज नाही, त्यातही तो जुना आणि चांगल्या बनावटीचा असेल तर मुळीच नाही. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती आणि त्या काळचे व्हॉल्व्ह अजूनही भंगारात हाती लागतात. टिकटिक येते म्हणून ते फेकून देणाऱ्यांना मी मनापासून थांबवतो.

तीच टिकटिक स्पीकरमधून बारीकपणे ऐकू येत असेल तर मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे. तेव्हा पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक असतो, म्हणजे त्याच्या आतल्या भागांचे कंपन विद्युत संकेत होऊन पुढे वाढवले जाते. पेन्सिलच्या मागच्या, लाकडी टोकाने त्या व्हॉल्व्हवर अगदी हलकेच टिचकी मारली आणि ती स्पीकरमधून घंटेसारखी वाजली तर निदान पक्के झाले. ग्रामोफोनच्या पिनेचा अतिशय क्षीण संकेत घेणाऱ्या टप्प्यात असा व्हॉल्व्ह नको. त्याची जागा त्याच जातीच्या, त्याच ॲम्प्लिफायरमधल्या पुढच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हशी बदलून पाहावी. पुष्कळदा एवढ्याने काम होते आणि खर्च शून्य येतो.

दुसरा आवाज म्हणजे पंधरा-वीस सेकंदांनी स्पीकरमध्ये हळूच उगवणारी आणि थोड्याच वेळात विरणारी घरघर. पुश-पुल रचनेत आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट दिशेने काम करतात; दोघांमधून सारखा प्रवाह वाहत असेल तर वीजपुरवठ्यातला तरंग आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना छेद देऊन नाहीसा होतो. पण दोन व्हॉल्व्ह कधीच एकाच क्षणी तापत नाहीत. एक आधी जागा होतो, तेवढा वेळ तोल बिघडलेला असतो आणि १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते. शिवाय सुरुवातीचे टप्पे जागे झाल्याशिवाय फीडबॅकही (आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन चूक दुरुस्त करणारी जोडणी) आपले काम सुरू करत नाही. पाच-दहा सेकंदांत ही घरघर गेली तर ती रचनेचाच भाग समजावी. ती पुसट होऊन कायम राहत असेल तर दोन व्हॉल्व्हच्या प्रवाहात कायमचा फरक आहे; तो मोजून जोडी जुळवून घ्यावी.

घरघर जायला काही सेकंदांऐवजी पाच-दहा मिनिटे लागत असतील तर संशय वीजपुरवठ्यातला तरंग गाळणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. तापल्यावर तो रोध कमी होतो, म्हणून आवाजही कमी होतो. म्हणजे इथे आवाज थांबणे ही समाधानाची खूण नाही. असे कंडेन्सर बदलावेत आणि बदलताना व्होल्टची मर्यादा मूळ आकड्यापेक्षा कमी घेऊ नये, कारण वर सांगितल्याप्रमाणे व्हॉल्व्ह थंड असताना पुरवठ्याचा दाब जास्त चढतो. कंडेन्सरची क्षमता भरमसाट वाढवण्याचा मोहही टाळावा. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या लगतच्या पहिल्या कंडेन्सरला मर्यादा असते आणि ती ओलांडली तर रेक्टिफायरवर दर वेळी ताण येतो.

या सगळ्यांच्या उलट वागणारा एक आवाज आहे आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. सुरुवातीला सर्व शांत असते, मग तापत जाताना घरघर वाढत जाते, गाणे किंचित चिरके होते आणि आउटपुट व्हॉल्व्हची पत्रे काळोखात लालसर दिसू लागतात. हे दिसताच ॲम्प्लिफायर बंद करावा. बहुतेक वेळा याच्या मुळाशी गळका कपलिंग कंडेन्सर असतो. आधीच्या टप्प्यावरचा उच्च दाब अडवून फक्त संकेत पुढे पाठवणे हे त्याचे काम. पण मेणकागदाचे जुने कंडेन्सर दमट हवेत ओलावा शोषून घेतात आणि थोडा थोडा दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, जाऊ देतात. कोल्हापूरचा जुलै म्हणजे या कंडेन्सरांची परीक्षाच. भिंतींना ओल, कपाटात बुरशी आणि कित्येक दिवस ऊन नाही, अशा हवेत मे महिन्यात निर्दोष चाललेला ॲम्प्लिफायर आजारी पडतो. तपासणी सोपी आहे. कॅथोड बायसच्या रचनेत (जिथे कॅथोडला लावलेला रोधच व्हॉल्व्हचा प्रवाह आवरतो) आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर चासीच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, मानाने शून्य व्होल्ट असायला हवेत. मल्टीमीटरची काळी वायर आधी चासीला क्लिपने लावून, दुसरा हात पाठीमागे ठेवून लाल टोकाने मोजावे. तिथे अर्धा-एक व्होल्ट अधिक दिसत असेल आणि तापताना तो आकडा चढत असेल, तर आधी त्या कंडेन्सरचे एक टोक सोडवून पुन्हा मोजावे. आकडा शून्यावर आला तर कंडेन्सर बदलायचा. तसाच राहिला तर दोष खुद्द व्हॉल्व्हमध्ये आहे. आत ३०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ते राहतात. सोल्डरिंग करण्यापूर्वी रोध लावून ते उतरवावेत आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी इथे थांबून जाणकाराकडे जावे.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचे दुखणे निराळे. तिथे जागे होण्याचा क्रम नसतोच. सगळे एका क्षणात चालू होते, तीन-चार सेकंदांनी संरक्षक रिले (विजेने चालणारा स्विच) टक् करून स्पीकर जोडतो आणि गाणे सुरू. त्यामुळे तापतानाचा आवाज इथे आला तर तो जवळजवळ नेहमीच एखाद्या भागाची तक्रार असते. राजारामपुरीतल्या एका मित्राकडचा सत्तरच्या दशकातला जपानी ॲम्प्लिफायर हे याचे चांगले उदाहरण आहे. चालू केल्यावर डाव्या बाजूने कढईत मोहरी टाकल्यागत नव्हे, तर त्याहून मंद, थांबून थांबून येणारी चरचर, आणि पाव तासाने शांतता. आधी डाव्या-उजव्या पिना बदलून पाहिल्या. आवाज डावीकडेच राहिला, म्हणजे सीडी प्लेअर आणि वायरी निर्दोष. मग आवाजाचा कंट्रोल शून्यावर नेला. चरचर होती तशीच. याचा अर्थ उगम कंट्रोलच्या पुढे, पॉवरच्या भागात होता आणि टोन कंट्रोलचे सगळे बोर्ड एका फटक्यात संशयातून मुक्त झाले. माझ्या मते अख्ख्या तपासातली सर्वांत फायद्याची कृती हीच आहे आणि लोक नेमकी तीच विसरतात.

पॉवर बोर्डवर सुरुवातीच्या जोडीचे ट्रान्झिस्टर २ एसए ७२६ होते. त्या काळातले हे नग वय झाल्यावर आवाज करण्यासाठी दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये कुप्रसिद्ध आहेत, तसेच २ एससी ४५८ सुद्धा. त्यांचे पाय काळे पडलेले दिसतात. पण नाव बदनाम आहे म्हणून दोषी धरणे बरोबर नाही. थंड करणारा फवारा एकेका ट्रान्झिस्टरवर नेमका मारला की दोषी भाग लगेच बोलतो. चरचर एकदम वाढते किंवा एकदम थांबते. फवारा नसेल तर कागदाचे नरसाळे करून केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा एकेका भागावर सोडता येते, फक्त वेळ जास्त लागतो. इथे जोडीपैकी एक नग सापडला आणि बदलले दोन्ही, कारण त्या दोघांचे गुण जुळलेले असले तरच स्पीकरच्या टोकांवरचा डीसी व्होल्टेज शून्याजवळ राहतो. बदली म्हणून केएसए ९९२ वापरले. बाजारात सहज मिळणारा बीसी ५५६ ही चालला असता, पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा असतो. जपानी नगांत एमिटर, कलेक्टर, बेस असा क्रम, तर बीसी मालिकेत कलेक्टर, बेस, एमिटर. हे न पाहता बसवले तर चालू करताच पुढची साखळी जळते. नवे भाग टाकल्यावर स्पीकर न जोडता त्या टोकांवर मोजले. थंड असताना थोडा जास्त आणि तापल्यावर १० मिलिव्होल्टच्या आत असा आकडा आला. साधारण ५० मिलिव्होल्टपर्यंत चालते, त्यापुढे गेल्यास कारण शोधावे.

याच बोर्डवर आणखी एक जुना शत्रू बसलेला होता. मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळसर डिंक वर्षांनुवर्षे तापून गडद तपकिरी होतो, आणि असा झाला की तो थोडीफार वीज वाहू लागतो व शेजारच्या भागांचे पाय खातो. दमट हवेत त्याचा उपद्रव वाढतो, तापून कोरडा झाला की कमी होतो. म्हणून पावसाळ्यात चालू केल्यावर पहिली दहा मिनिटे चरचर आणि उन्हाळ्यात काहीच नाही, असा प्रकार असेल तर आधी टॉर्च घेऊन हा डिंक शोधावा. तो खरवडून काढायला कंटाळवाणा वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

रिलेचे संपर्क काळे पडल्यामुळे एक बाजू चालू करताना गायब असते आणि आवाज वाढवला की फट् करून येते. काचकागदाने संपर्क घासणे हा काही दिवसांचाच उपाय आहे; रिले बदलावा.

आता पेटीतून येणारी, स्पीकरशी संबंध नसलेली गुणगुण. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झने कंप पावतो, हे स्वाभाविक आहे. पण गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर काही वेळी अचानक जोरात गुणगुणतो आणि थोड्या वेळाने आपोआप गप्प होतो, तेव्हा लोकांना वाटते की तो तापून सुधारला. प्रत्यक्षात कारण घराबाहेर किंवा शेजारच्या खोलीत असते. अर्ध्या वेगावर चालणारे केस वाळवण्याचे यंत्र किंवा हीट गन आत एक डायोड घालून विजेची अर्धीच लाट वापरते, त्यामुळे लाइनमध्ये थोडा डीसी मिसळतो, आणि अर्ध्या-एक व्होल्टचा असा डीसीही टोरॉइडच्या गाभ्याला संपृक्ततेकडे, म्हणजे चुंबकत्व आणखी वाढू न शकण्याच्या अवस्थेकडे, ढकलायला पुरतो. उद्यमनगरच्या आसपासच्या घरांत मला आणखी एक गोष्ट दिसते. दिवसा यंत्रशाळा चालू असताना व्होल्टेज दबलेले असते आणि रात्री यंत्रे थांबली की ते २५० च्या जवळ चढते. तेव्हा तोच ट्रान्सफॉर्मर रात्री गुणगुणतो. अशा वेळी ॲम्प्लिफायर उघडण्यापूर्वी मीटर घेऊन प्लगमधले व्होल्टेज सकाळी, संध्याकाळी आणि रात्री मोजावे आणि आवाज त्या आकड्याबरोबर चढतो-उतरतो का, ते पाहावे. डीसी अडवणारी जोडणी करता येते, मोठ्या कंडेन्सरांची उलटसुलट जोडी आणि त्यांना समांतर डायोड एवढाच तिचा पसारा आहे, पण ती थेट लाइनवर बसत असल्याने जाणकाराकडूनच करून घ्यावी.

एक आवाज मात्र तापण्याच्या नावाखाली विनाकारण खपतो. व्हॉल्व्ह जागे झाल्यावर सुरू होतो, म्हणून लोकांना तो तापण्याशी जोडलेला वाटतो, पण तो पुढे कधीच थांबत नाही. हा अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. जुन्या पेठांमधल्या वाड्यांत अर्थिंग नावालाच असते आणि केबल टीव्हीची वायर स्वतःचे वेगळे अर्थिंग घेऊन घरात येते. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. घरघर त्या क्षणी गेली तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. त्यावर तोडगा म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. धातूच्या चासीत ३०० व्होल्ट कोंडलेल्या यंत्राची अर्थिंग पिन कोणत्याही कारणाने काढू नये.

पुष्कळ दिवस पडून राहिलेला ॲम्प्लिफायर पावसाळ्यानंतर प्रथम चालू करताना मी सिरीज बोर्डाचा, म्हणजे लाइनमध्ये ॲम्प्लिफायरच्या आधी एकसर जोडलेल्या बल्बचा, वापर करतो. त्यासाठी तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही, आणि तो आता शोधावा लागतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला १०० वॅटचा बल्ब पुरे. तो क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये हीटरच इतका प्रवाह घेतात की बल्ब मंद होतच नाही आणि त्यावरून काही कळत नाही. म्हणून तिथे आधी सगळे व्हॉल्व्ह काढून ट्रान्सफॉर्मर तपासावा आणि नंतर ते जागेवर बसवून पाहावे. बेसची छिद्रे पावसाळ्यात काळी पडलेली असतात, तेव्हा व्हॉल्व्ह काढलेच आहेत तर त्यांचे पाय संपर्क साफ करणाऱ्या द्रवाने पुसून दोन-तीनदा काढघाल करावी. चरचरीच्या तक्रारींपैकी काही तर एवढ्यानेच संपतात. त्यानंतरही आवाज राहिला तर कागदावर वेळ लिहायला सुरुवात करावी.